आडव्या बाटलीनंतर

प्रिय बापू,

आज दुपारी सविता आल्ती. तिच्या खांद्यावर हात ठेवून मागं तिचा नवरा कैलास. उंबऱ्यातच थांबून म्हणाली, "ताई, भट्टीवाल्याचं नाव पोलिसांत सांगशील का? माझ्या एकटीचं कोणी ऐकत न्हाई." "बघू," म्हणून मी तिला वाटंला लावलं. ती गेली, पण तुमचा जुना प्रश्न काही जाईना. म्हणून तुम्हाला लिहून राह्यले.

बापू, तुम्ही देशी दारूच्या दुकानात जन्मभर नोकरी केली आणि मी जन्मभर लाजले. शाळेत विचारलं, वडील काय करतात, की मी सांगायची, "शेती." तुम्हाला ठाऊक होतं ना?

मंग गावात बायांचं मतदान आलं. दुकान नको असेल तर आडव्या बाटलीवर शिक्का. भर उन्हात दारोदार फिरले मी, तुमच्याच दुकानाविरुद्ध! तुम्ही अडवलं न्हाई. एवढंच म्हणालात, "सरकार परवाना देतं ते दारू चांगली म्हणून न्हाई, बाई. पिणारा पिणारच. पण बाटलीत काय हाये, कोणाला द्यायची न्हाई, याला कोणीतरी जबाबदार पाहिजे. माझं चुकलं तर मला धरता येतं. उद्या कोणी नाल्यावर भट्टी लावली, तर त्याला कोण धरणार?"

"सरकारला कर पाहिजे, दुसरं काय!" मी म्हटलं.

"तेबी हायेच," तुम्ही हसलात.

दुकान बंद झालं. आम्ही गुलाल उधळला. थोड्याच दिवसांत माझा धाकटा दीर नाल्यावर हातभट्टी लावून बसला. कैलास झिंगलेला दिसला की तुम्ही त्याला बाटली न देता घरी पाठवायचात. तिथं त्याला कोण परत पाठवणार होतं? एका सकाळी उठून तो म्हणाला, "सविता, दिवा लाव." बाहेर लख्ख ऊन होतं. भट्टीच्या विषारी दारूनं डोळे गेल्ते त्याचे.

जालन्याच्या दवाखान्यात तुम्हीच नेलंत त्याला. परत आल्यावर मला विचारलंत, "माझ्याविरुद्ध उभी राह्यलीस. आता का गप?"

का गप होते मी? घर फुटेल म्हणून. बाकी काही न्हाई. आणि उत्तर न ऐकताच तुम्ही हे जग सोडून गेलात.

दुकान बंद केल्याचा पस्तावा मला आजही न्हाई, बापू. त्या दुकानानंही संसार मोडलेच. पण राखणारा माणूस आम्ही उठवला आणि त्याच्या जागी कोणीच उभं राह्यलं न्हाई. मीसुद्धा न्हाई! तिथं चुकले.

उद्या सकाळच्या एसटीनं सविताला घेऊन भोकरदनच्या पोलीस ठाण्यात जाते. दिराचं नाव मी माझ्या तोंडानं सांगेन, खाली सही करीन. घरात काय व्हायचं ते होवो.

तुमचीच लेक,
मंदा