बिअरचा नळ माझ्या हातात

१४ मार्च १९७२

सासरे तळघराच्या पायरीवरून घसरले. पाय सुजून टम्म! डॉक्टर म्हणाले, उभं राहायचं नाही. आणि शुक्रवारी संत पॅट्रिकचा दिवस. आमच्या गुत्त्यात काळी बिअर कोण भरणार?

"मॅलाकी भरेल," सासऱ्यांनी माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"मी भरू?" मी विचारलं.

"अ‍ॅट्रॅक्टा, तू ग्लास विसळ. बाईच्या हातचं इथे कुणी पिणार नाही."

लग्न झाल्यापासून विसळतेच आहे. पण डोळे काही मिटलेले नव्हते माझे!

१५ मार्च

नवऱ्याचा सराव. वरच्या खोलीत ग्लास नेला तर सासरे ओरडले, "ही बिअर आहे की दाढीचा साबण?" बिचारा मॅलाकी.

१६ मार्च

ईस्टरआधीचा लेंटचा उपवास उद्या एक दिवस सुटणार. सगळं गाव तहानलंय. मला झोप नाही.

१७ मार्च

आजचं सगळं लिहूनच झोपणार!

प्रार्थना आटोपली, ट्रॅक्टरांची मिरवणूक संपली, कोटाला सणाची शॅमरॉकची त्रिदळी पानं खोचून सगळे आत घुसले. मॅलाकीचा पहिलाच ग्लास कोलमन कोळ्याने परत सरकवला. "हे तुझ्या बकरीला पाज!" हशा. मॅलाकीचे कान लाल. मी हात पुसले, त्याला बाजूला केलं आणि नळ धरला.

ग्लास तिरपा. पाऊण भरला. ठेवून दिला.

"काय गं, झोपलीस का?" कोलमन.

"फेस बसू दे. गप उभा राहा!"

तपकिरी ढग खाली उतरले, काळं वर चढलं. मग वरचा भाग भरला. फेस काठाच्या वर आला — एक थेंब सांडला नाही! कोलमन प्यायला. मिशा पांढऱ्या. ग्लास रिकामा करून ठेवला. मग म्हणाला, "आणखी एक. हिच्याच हातचा."

मग काय, रांगच! पोस्टातली कन्सेप्टा बायकांच्या कोपऱ्यातून उठून थेट पुढे आली. "मला अर्धा नको. पूर्ण." बायकांना अर्धाच ग्लास द्यायची रीत; सगळे बघत राहिले. मी काठोकाठ भरला.

शेवटचा ग्लास माझा. रिवाजाप्रमाणे त्यात शॅमरॉक बुडवला, सगळ्यांच्या नावाने प्याले, ओली पानं डाव्या खांद्यावरून मागे फेकली — ती मॅलाकीच्या डोक्यावर! "वा, मालकीणबाई!" म्हणाला.

वर सासऱ्यांना सगळं ऐकू गेलं असणार.

१८ मार्च

सूप नेलं. सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड केलं. करू देत!

१९ मार्च

सासरे काठी टेकत खाली आले. नळापाशी येतील म्हणून मी सरकले. पण ते काउंटरच्या आत आलेच नाहीत. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले — जन्मात पहिल्यांदा.

"एक भर, पोरी."