तिसऱ्या दालनातलं वाक्य

३ मार्च, मंगळवार
साहेबांनी बोलावलं. "पंधराला तिसरं दालन, मध्ययुगाचं, नव्याने उघडायचंय. सगळ्या पाट्या तपासा. थापा असतील त्या उडवा." थापा म्हणे! जशा काही दुसऱ्या कुणाच्या आहेत. या संग्रहालयातली एकूण एक पाटी चौदा वर्षं मीच लिहितेय. म्हणजे माझेच कान मीच धरायचे.

५ मार्च
तीन थापा निकालात. "चिलखत घातलेल्या सरदाराला घोड्यावर चढवायला कप्पी लागे" — साफ खोटं. आपलं चिलखत काट्यावर ठेवलं, पंचवीस किलो भरलं, आणि तेही अंगभर विभागलेलं. धडधाकट माणूस टुणकन चढेल. "तेव्हा लोकांना पृथ्वी सपाट वाटे" — शिकल्यासवरल्यांना तरी नाही, त्यांच्याच पोथ्यांत ती गोल आहे. आणि आमची ती खिळ्यांची छळाची खुर्ची! तिच्या लाकडाचा अहवाल आला. जेमतेम दीडशे वर्षांची. तिकीट लावून दाखवायला कुणा सुताराकडून करून घेतलेली.

दरवान हिरमुसला. शाळेच्या पोरांना ती खुर्ची दाखवून घाबरवणं हा त्याचा आवडता उद्योग. "बाई, आता काय सांगू त्यांना? सुतारकाम?"

म्हटलं, सांगा की. चांगलं सुतारकाम आहे.

६ मार्च
हाडांच्या बाई आल्या. बाहेरगावच्या तज्ज्ञ, आपले सांगाडे नव्याने तपासायला बोलावलंय त्यांना. "त्या काळी माणसं तिशीतच मरत" ही माझी पाटी वाचून खो खो हसल्या. मग एक जबडा हातात दिला. दात एकही नाही, हाड भरून गुळगुळीत झालेलं. "सत्तरीची बाई आहे ही. दात गेल्यावरही कित्येक वर्षं जगली. कुणीतरी मऊ करून भरवत असणार."

मग तिशीचा घोळ समजावला. एक जन्मल्याजन्मल्या गेलं, एक साठ वर्षं जगलं — सरासरी तीस. तिशीत मात्र कुणीच मेलं नाही! चौदा वर्षांत एवढं साधं गणित माझ्या टाळक्यात शिरू नये? लाज वाटली.

घरी येऊन आईला सांगितलं. आई अठ्ठ्याहत्तरची. कवळी काढून वाटीत ठेवली आणि बोळक्या तोंडाने म्हणते, "मग मलाच नेऊन ठेव ना काचेत!"

९ मार्च
आज एक खोकं उघडलं. वर जुन्या अक्षरात "कोंबडीची हाडं". पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी गावाबाहेरची मध्ययुगीन वस्ती खणली त्यांची नोंद. चुलीजवळ सापडली, बारीक आहेत, म्हणजे कोंबडीच! हाडांच्या बाईंनी दोन मिनिटं पाहिलं. हसू गेलं. म्हणाल्या, "कोंबडी नाही हो. बाळ आहे. आठवड्याचं, फार तर दोन."

खोक्यातच मातीचं एक ढेकूळ होतं, त्यावर विणलेल्या कापडाचा ठसा. जुनं रेखाटन शोधून काढलं. बाळ कुशीवर ठेवलेलं, गुडघे पोटाशी, घराच्या आत, चुलीपासून हातभर अंतरावर. कुणीतरी त्याला गुंडाळलं होतं. उबेजवळ ठेवलं होतं.

आणि समोरच्याच भिंतीवर, काचेत, माझी पाटी — "त्या काळी निम्मी मुलं दगावत. त्यामुळे आयांचा मुलांत फारसा जीव गुंतत नसे." बारा वर्षांपूर्वी कुठल्याशा पुस्तकातून उचललं होतं मी. तेव्हा केवढं शहाणपणाचं वाटलं होतं! शाळेतल्या मुली वहीत उतरवून नेतात ते.

हे वाक्य काढायचं. पंधराच्या आत. बाकी काही राहिलं तरी चालेल.

१० मार्च
आईला बाळाचं सांगितलं. वाटलं, करेल काहीतरी थट्टा. तर विचारते, "आता कुठे ठेवलंय?"
खोक्यात.
"झाकण आहे ना?"
आहे म्हटलं. मग शेंगा सोलत बसली.

११ मार्च
साहेब ऐकायला तयार नाहीत. "बाकीच्या उडवल्यात, ठीक. ती काचेत बसवून झालीय. चार दिवसांवर पाहुणे. आणि एका ढेकळावरून त्या आईच्या मनातलं तुम्हाला काय कळलं? मन हाडांत दिसतं का?"

तोंडात मारल्यासारखी परत आले. बोलले ते खोटंही नाही ना!

१२ मार्च
सकाळी भाजी चिरता चिरता सुचलं. चाकू तसाच टाकला. मन हाडांत दिसत नाही, मान्य. मग तिचा जीव गुंतला नव्हता, हे तरी मला कुठे दिसलं होतं?

साहेबांसमोर हेच बोलले. वर म्हटलं, वाक्य ठेवायचंच असेल तर खाली लिहा — "हे लेखिकेने काहीही न पाहता लिहिले आहे." साहेबांनी पेन टेबलावर आपटलं. मग काचेची किल्ली पुढे सरकवली. "उद्या दुपारपर्यंत. आणि वाकडी बसवू नका."

१३ मार्च
काढली! मी आणि दरवानाने मिळून. तो स्क्रू सोडवता सोडवता म्हणतो, "बाई, सहा वर्षं वाचतोय मी हे. कधी पटलंच नाही. मला तीन मुलं."
"अहो, मग बोलला का नाहीत?"
"छापलेलं होतं ना."

नव्या पाटीवर एवढंच लिहिलं — "हे बाळ एक-दोन आठवडे जगले. त्याला कापडात गुंडाळून, घरातच, चुलीजवळ पुरले होते." आयांबद्दल एक अक्षर नाही. ज्याला वाचायचं तो वाचेल.

१५ मार्च
दालन उघडलं. साहेबांनी भाषणात स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. घेऊ दे. मला आज छान झोप लागणार. आई आली नाही, गुडघे फार धरलेत. संध्याकाळी नवी पाटी वाचून दाखवली. "पुन्हा वाच," म्हणाली. पुन्हा वाचली.

१८ मार्च
आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा फॉर्म भरायला दवाखान्यात. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "आजी, बाळंतपणं किती?" मी म्हटलं, एक. मी एकटीच.

आई म्हणाली, "दोन. पहिला मुलगा. नऊ दिवसांचा गेला."

मुलीने लिहून घेतलं आणि गोळ्या कुठल्या चालू आहेत ते विचारलं.

बारा वर्षांपूर्वी ते दालन पहिल्यांदा उघडलं, तेव्हा आई आली होती. माझ्या त्या पाटीसमोर उभं राहून तिने ती सावकाश, शेवटपर्यंत वाचली होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली होती, "अक्षर छान ठळक आलंय गं."