नावाला शास्त्रीय हरकत

३ ऑगस्ट २००६
गंभीर तक्रार नोंदवतो. जावयाने माझ्या लॅटिन कोशावर चहाचा कप ठेवला. मुखपृष्ठावर कायमचं कंकणाकृती ग्रहण. आणि तेही इटालियन माणसाने!
जावई फाबियो, हार्बरफ्रंटला शिपिंगमध्ये. त्याच्या नावाचं मूळ लॅटिनमधल्या पावट्यात आहे. लग्नातच शोधून ठेवलंय, अजून वापरलेलं नाही.
आमच्या लेकीला, राधिकाला, पाचवा महिना. मुलगा आहे म्हणे. नावही ठरलं: रेनातो. व्युत्पत्ती पाहून कळवतो, म्हणालो.

५ ऑगस्ट
रे म्हणजे पुन्हा, नातुस म्हणजे जन्मलेला. आपला 'जात' त्याच धातूचा भाऊबंद. नातवाशी संबंध नाही, हे बायकोला, शैलाला, दोनदा सांगितलं. म्हणजे रेनातो सरळसरळ द्विज निघाला. मुंजीआधीच द्विज कसा? हरकत शास्त्रीय आहे. शैला म्हणाली, "घाबरलायत, तर तसं म्हणा ना."
अजिबात नाही.

९ ऑगस्ट, इथला नॅशनल डे
सुट्टी. फाबियोने आत्तापासूनच पाळणा आणला. मरीन परेडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये जागा नाही, म्हणून आमच्याकडे जुरोंग ईस्टला टाकून गेला. खोक्यावर चादर घातली. धूळ बसू नये म्हणून.

१४ ऑगस्ट
संकल्प: राधिकाला दिवसातून एकच फोन.
आज ऑफिसातून चार. लाइन तपासत होतो. चौथ्याला ती इथल्या लोकांच्या ढंगात म्हणाली, "बाबा, मी ओके आहे, लाह! काम करा."

१८ ऑगस्ट, सकाळी ११
हॉस्पिटल. पहाटे राधिकाला रक्तस्राव झाला. बाळाचे ठोके लागतायत. डॉक्टर म्हणाले, चोवीस तास बघू.
बाकावर मी आणि फाबियो. त्याचे दोन्ही बूट वेगवेगळे. म्हणाला, पहिलं बाळ गेलं, तेच परत येतंय, म्हणून हे नाव. मग विचारलं, "बाबा, संस्कृतमध्ये याला काय म्हणतात?"
म्हणालो, कोश घरी राहिला. कोश लागणार नव्हता.
गेल्या वर्षी तिसऱ्याच महिन्यात नाव मी काढलं होतं. अनिरुद्ध. ज्याला कोणी अडवू शकत नाही तो. व्युत्पत्ती निर्दोष. बारशाआधी नाव घेऊ नये, असं शैला सांगत होती. मी तिला हसलो आणि पुण्यापर्यंत फोन केले. पंधरा दिवसांत सगळं संपलं.
रेनातो या नावाला माझी काही हरकत नाही. मागचं बाळ माझ्यामुळे गेलं, असं मला वाटतं. आणि याचंही नाव मी या वहीत आत्तापर्यंत तीनदा लिहिलंय.