बाबांची दांडी आणि एकशेदहा व्होल्ट

४ मार्च, सकाळ
मेव्हण्याने परदेशातून पाठवलेली पेटी एकदाची आली. ड्रिल, करवत आणि लाकूड घासायचं मशीन. तिन्ही विजेवर चालणारी. आता सुताराचे नखरे बंद! पहिलं काम: बाथरूममध्ये बाबांना धरायला स्टीलची दांडी. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना आंघोळ मीच घालतो. तेव्हा बाबा भिंतीकडे बघतात, मी छताकडे. दोघांनाही नकोसं होतं. रविवारी दांडी बसणार म्हणजे बसणार.
बायको म्हणाली, सुताराला बोलवा, अर्ध्या तासाचं काम आहे. मी नुसता हसलो.

दुपार
पिना चपट्या निघाल्या. आपल्या सॉकेटमध्ये जात नाहीत. कोपऱ्यावरून अ‍ॅडॅप्टर आणला. संपला प्रश्न. लोक उगाच बाऊ करतात.

संध्याकाळ
आधी घासायचं मशीन लावून पाहिलं. काय तो वेग! परदेशी माल तो परदेशी माल. मग धूर.
मशीनच्या पोटावर बारीक अक्षरात ११० व्होल्ट लिहिलंय. आपल्या घरात २३०. इतकी महत्त्वाची गोष्ट इतक्या बारीक अक्षरात लिहितात का? तरी ड्रिल आधी लावलं नाही, हे माझं प्रसंगावधान. घरात कुणी दखल घेतली नाही.

६ मार्च
व्होल्टेज कमी करणारा छोटा डबा आणला. दुकानदार म्हणाला, हा दाढीच्या मशीनसाठी आहे. त्याला धंदा कळत नाही. घरी लावला. ड्रिल एकदा गुरगुरलं आणि गप्प बसलं. डबा इतका तापला की चिमट्याने उचलावा लागला. ड्रिल मात्र शाबूत.
बाबांनी माळ्यावरचं त्यांचं जुनं, हाताने फिरवायचं ड्रिल मागितलं. काढून दिलं. त्याला तेल घालत बसले होते. या वयात जुन्या वस्तूंचा ओढा असतोच. मन रमतंय, बरं आहे.

८ मार्च, रविवार
पहाटेपासून जागा. हॉलमधून किचनमध्ये, किचनमधून हॉलमध्ये. बायको म्हणाली, अहो, एका जागी बसा, मला गरगरायला लागलंय. दांडी बसली नाही. पण कुठला रविवार ते मी लिहिलं नव्हतं.

९ मार्च
बाबा हल्ली दुपारी बाथरूममध्ये फार वेळ लावतात. बायको त्यांना आत खुर्चीवर बसवते आणि दाराशी थांबते. आतून खर्र खर्र आवाज येतो. घसा असणार. डॉक्टरांच्या कानावर घातलं पाहिजे.

११ मार्च, संध्याकाळ
खरा ट्रान्सफॉर्मर आला. केवढं धूड! दुकानाच्या दोन माणसांनी उचलून पॅसेजमध्ये ठेवला. सकाळी राहून गेलेली बाबांची आंघोळ चालू होती, पण मला धीर कुठला? त्यांना साबण लावला, एका मिनिटात आलो म्हणालो आणि बाहेर येऊन बटण दाबलं. घरभर अंधार. आत धाडकन आवाज.
धावलो. पाण्याचा मग पडला होता, बाबा नव्हते पडले. दोन्ही हातांनी नळ धरून उभे होते. त्यांना पोटाशी धरून खुर्चीवर बसवलं. फार घाबरलो. बाबांनी माझ्या हातातून मग घेतला आणि उरलेला साबण स्वतःच धुतला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१२ मार्च
रात्रभर विचार केला. दोष मेन स्विचचा आहे. ट्रान्सफॉर्मर चालू होताना एकदम करंट ओढतो, त्याला भारी स्विच हवा. बायको म्हणाली, आता पुरे करा. पुरे कसं? आता तर काम पुरं केलंच पाहिजे. दुपारभर बाजारात चार दुकानं हिंडलो.
घरी आलो तर दांडी बसलेली.
बायकोने धरली, बाबांनी स्क्रू पिळले. टाइलच्या सांध्यांत भोकं बाबांनीच पाडली होती, रोज थोडी थोडी, खुर्चीवर बसून. टॉवेलमागे असल्याने मला दिसली नाहीत. शिवाय मी छताकडे बघत होतो. मेव्हण्याच्या पेटीतलं बिट, म्हणजे भिंतीला भोक पाडायचं टोक, त्यांनी त्यांच्या जुन्या ड्रिलला लावलं होतं. म्हणाले, बिट उत्तम आहे, मेव्हण्याला कळव.
म्हणजे काम परदेशी हत्यारानेच झालं. मी लोंबकळून पाहिलं. दांडी हलली नाही.

१३ मार्च, सकाळ
नेहमीच्या वेळी टॉवेल घेऊन बाथरूमपाशी गेलो. दाराला आतून कडी. पाण्याचा आवाज येत होता. बाबा काहीतरी गुणगुणत होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.
येऊ का विचारलं. टॉवेल दारावर टाक आणि जा म्हणाले.
टाकला. पण जायला कुठे होतं? पॅसेजमध्ये ट्रान्सफॉर्मरवर बसून राहिलो. बसायला उंची अगदी बरोबर आहे.