कंदावूची तीन तिकिटं

तितिलिया,

मी बोटीची तिकिटं काढायला धक्क्यावर चाललेय. शुक्रवारी कंदावू बेटावर जायचं, दोन दिवस. तिघांनी. कसावा उकडून झाकून ठेवलाय.

काल तू म्हणालीस, "दिसत नाही त्या माणसाला समुद्रात नेऊन काय करणार?" बाबांनी ते ऐकलं. लहानपणी आपल्या दोघींना हात धरून पाण्याखाली बघायला त्यांनीच शिकवलं होतं गं.

आज चहा घेताना त्यांनी मला हळूच विचारलं, "पोपटमासे प्रवाळ कुरतडतात, तो आवाज अजून येतो का तिथे?"

मी म्हटलं, "तुम्हीच येऊन ऐका."

तेव्हापासून स्वारी गुणगुणतेय. त्यांचा पाण्यातला जुना चष्मा तुझ्या उशाशी ठेवलाय. तो तूच त्यांच्या हातात दे.

तुझी ताई,
अकानिसी