‘वर्ग सोडा’

मंगळवार संध्याकाळ, सावेडी

आजही ऑनलाइन तास संपला, सगळे गेले आणि पडद्यावर सविताचं नाव तसंच. देवळाली प्रवराची, दोन मुलांची आई, कॉलेजचं पहिलंच वर्ष. शेवटी चिडून विचारलंच, “अगं, बाहेर का पडत नाहीस?”

“मॅडम, बटनावर ‘वर्ग सोडा’ लिवलंय. दाबलं आन् नाव कमी झालं तर? लग्नापायी एकदा शाळा सोडली. आता न्हाई सोडायची.”

ते ‘वर्ग सोडा’ रोज माझ्याही समोर असतं, मी कधी वाचलंच नाही!

म्हटलं, “नाव नाही जात. घरातून निघताना म्हणतो तसं ‘येते’ म्हण आणि दाब.”

मग हळूच, “येते, मॅडम.”

नाव गेलं. मी लॅपटॉप मिटणार तोच परत आलं.

“काय न्हाई मॅडम, परत येता येतं का बघत हुते.”