प्रकाशभाऊंना कोण सांगणार

८ जानेवारी, तळोदा
मीनाचा फोन. कालच सुरतहून केमोची सलाईन घेऊन नंदुरबारला परतली. कॅन्सर दुसऱ्यांदा उलटल्यापासून आवाज खोल गेलाय. म्हणे, जमनाच्या बेटावर तंबू टाकून राहायचं. आत्ताच. हॉस्टेलला होतो तेव्हापासून मीना, जमना, मी, तिघी नुसतं म्हणतोय. नवऱ्याला विचारलंस का, म्हटलं. "इचारी लिसू."

११ जानेवारी
जमना धडगावच्या दवाखान्यात नर्स, तिला सुट्टी मिळाली. नर्स सोबत आहे म्हणून मीनाचे यजमान प्रकाशभाऊ तयार झाले. तंबू माझ्या भाच्याचा.

१७ जानेवारी, धडगाव
प्रकाशभाऊ स्वतः मीनाला तळोद्यापर्यंत सोडायला आले. मिरचीचा मोसम, तरी दुकान टाकून. अंगावरच्या शर्टाला ठसका. औषधांची पिशवी माझ्याकडे दिली, कुठली गोळी कधी ते समजावलं, मग परत समजावलं. जीप सुटली तरी उभेच.
घाटात मीनाला उलट्या. जमनाकडे मुक्काम.

१८ जानेवारी, बेट
काठापर्यंत जीप, पुढे लाँच. लाँचवर सिमेंटच्या गोण्या, कोंबड्या, आम्ही. धरणाचं पाणी चढलं तेव्हा जमनाचं गाव बुडालं, मागच्या टेकडीचा माथा तेवढा वर राहिला. हेच ते बेट. तंबूच्या खुंट्या खडकात जाईनात. सागाला दोऱ्या बांधल्या.
जमनाने पाण्याकडे बोट केलं. "तिथं घर."
मीना म्हणाली, "सोडताना रडलीस?"
"आई रडली. मी भांडी बांधत होते."
जेवायला अंधार पडला. मीना जैन, सूर्य मावळल्यावर खात नाही, कंद तर कधीच नाही. आज निखाऱ्यातलं रताळं सोलून खाल्लं. आणखी मागितलं. जमनाने माझ्याकडे पाहिलं.

१९ जानेवारी
पाण्यावर धुकं. मी चहा करत होते. मीना टोपी काढून खडकावर बसलेली, डोक्यावर लव फुटलीय. म्हणाली, आता सुरतला जाणार नाही. सलाईन बंद. डॉक्टरांशी बोलून झालंय, पुढे काय होईल तेही त्यांनी सांगितलंय.
जमनाने नर्ससारखे प्रश्न विचारले. दुखतं किती, झोप लागते का. मग मध्येच उठून सरपण गोळा करायला गेली. सरपण भरपूर होतं.
मी विचारलं, प्रकाशभाऊ काय म्हणाले?
"त्याले माहीत नही. तू सांग. मी सांगं ते तो रडी. तो रडना की मी हो म्हणसू."
मी नाही म्हटलं. राग आला. एवढ्यासाठी आणलं आम्हाला? तसं तोंडावर बोललेसुद्धा. ती म्हणाली, "नही. रताळासाठी." आणि हसली. मला हसता येईना.
परतताना लाँचवर माझ्या खांद्यावर झोपली. खांद्यावर काही आहे असं वाटेना.

२२ जानेवारी, तळोदा
मीनाचा मेसेज: सांगं का? जमनाला फोन केला. ती म्हणते, पेशंट असती तर मीच सांगितलं असतं, पण ही मीना आहे.

२५ जानेवारी
दुपारी प्रकाशभाऊ दारात. इकडे माल बघायला आले होते म्हणे. सुरतची तिकिटं काढलीत, खिडकीची जागा, तिला बाहेर बघायला आवडतं. "आते बरं जेवी ऱ्हायनी ती. बेटवरथून उनी, तधळपासून चेहराच बदलना." सांगताना चेहरा खुललेला.
मी चहा ठेवायला आत. दूध उतू गेलं. गॅस पुसला, दुसऱ्यांदा ठेवला. मनात वाक्य जुळवत होते, सुरुवात कुठून करावी ते.
कप पुढे ठेवला. म्हटलं, प्रकाशभाऊ, बेटावर मीना...
त्यांनी हात वर केला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज नका सांगू, ताई. सोमवारनी गाडी शे. तोपावत ऱ्हाऊ द्या."
चहा घेतला. बशीसुद्धा नीट ठेवली. गेले.
संध्याकाळी मीनाचा मेसेज. भेटना का तो?
हो, एवढं लिहिलं.